आमच्याकडे कोसला कशी वाचतात

कोसलाबद्दल लिहायचं म्हटलं की माणूस आधी घसा खाकरतो. अस्तित्ववाद, परात्मता, प्रतिनायक, मग कुठल्यातरी अमेरिकन कादंबरीशी तुलना, मग साठोत्तरी वाङ्मय नेमकं कुठून सुरू झालं त्याचा वाद... हे सगळं मी एमएला असताना परीक्षेपुरतं लिहिलंय आणि त्याला मार्कही बरे पडलेत, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. पण हे पुस्तक मुळात जिथून उगवलं त्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात, केळीवाल्यांच्या घरांत, ते कसं वाचलं जातं याची फारशी कुणी दखल घेतलेली दिसत नाही. मी मात्र वर्षानुवर्षं नातेवाइकांच्या गळ्यात हे पुस्तक मारत आलोय. लग्नात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदा तर काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात. आणि वाचून झाल्यावर लोक जे बोलतात ते मला समीक्षेपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं, कारण आपण किती हुशार आहोत हे त्यात कुणालाच दाखवायचं नसतं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १९६३. लेखक भालचंद्र नेमाडे, वय पंचवीस, गाव सांगवी, तालुका यावल, कॉलेज पुण्यात. पंधराएक दिवसांत लिहून काढलेली पहिलीच कादंबरी. छापली पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी, म्हणजे वि. स. खांडेकरांची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकांनी. मला या गोष्टीची कायम गंमत वाटते, की एवढी नटलेली, अलंकारांनी मढवलेली भाषा ज्या घरातून छापून बाहेर पडत होती त्याच घरानं हा पुण्याहून नापास होऊन आलेला नायक दारात उभा केला. पुढं दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं, खांडेकरांना १९७४ चं आणि नेमाड्यांना २०१४ चं, म्हणजे देशमुखांचा हात चांगला होता म्हणायचा.

आता गोष्ट म्हणाल तर पांडुरंग सांगवीकर नावाचा घरचं बरं असलेला खेड्यातला मुलगा पुण्याला कॉलेजला जातो, हॉस्टेलवर राहतो, नको त्या भानगडींत पुढे पुढे करतो, मेस चालवायला घेतो, बापाचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो, मधेच धाकटी बहीण जाते, आणि शेवटी गावी परत येऊन बसतो. संपलं. पण सांगायची तऱ्हा अशी की मधेच डायरी लागते, मधेच दोन मित्र भविष्यातले इतिहास संशोधक बनून आपल्याच काळाचं उत्खनन करतात, मग नुसती टवाळी, मग एकदम अजिंठ्याच्या लेण्यांत बुद्धाच्या पुढ्यात, मग गावातले रिकामटेकडे, भिकारी, महानुभाव साधू आणि त्यांच्या तोंडच्या गोष्टी. म्हणजे एका पुस्तकात पाच-सहा पुस्तकं कोंबलेली. त्या काळी यावर वाचकांचं काही एकमत झालं नाही. पु. ल. देशपांड्यांसारख्या माणसानं मनापासून दाद दिली, कॉलेजातली पोरं पांडुरंगासारखं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावून बोलायला लागली, आणि कित्येकांनी, याला कथानक कुठंय, ही कसली कादंबरी, म्हणून बाजूला ठेवली.

तर माझं म्हणणं असं आहे की हा जो मिसळीचा प्रकार आहे, ज्याच्यावर पीएचड्या झाल्या, तो आमच्याकडे कुणाला खटकलाच नाही. खटकलं ते भलतंच.

मिसळ का खटकली नाही याचं मला नवल वाटायचं, पण विचार केला तर त्यात नवल काही नाही. आमच्याकडची जत्रा बघा. तमाशा सुरू होतो गणानं, देवाला हात जोडून, मग गवळण, कृष्ण आणि मावशी, पब्लिक हसून लोळतंय, मग बतावणी, त्यात गावच्या सरपंचापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांची सालं काढतात, आणि पहाटे वगात कुणीतरी मरतं आणि अर्ध्या तासापूर्वी शिट्ट्या मारणारा माणूस उपरण्यानं डोळे पुसत असतो. याला कुणी प्रयोगशील म्हणत नाही, याला तमाशा म्हणतात. नाहीतर कुणाकडे दारावर बसायला गेल्यावर बघा. गेलेल्या माणसाची आठवण निघते, मग त्यानं कुणाला कसं फसवलं होतं तो किस्सा, सगळे हसतात, मग केळीचा आजचा भाव, मग आतून बायकांचा हेल ऐकू आला की सगळे गप्प, परत दोन मिनिटांनी पाटाच्या पाण्याचं भांडण. आणि महानुभावांचं तर विचारूच नका, आमच्या भागात त्या पंथाचे लोक पुष्कळ. लीळाचरित्र म्हणजे तेराव्या शतकातलं, म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून गोळा केलेल्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, एकेक लीळा चार ओळींची नाहीतर पानभराची, कोण भेटलं, काय बोलले, काय जेवले. तिथं कुणी विचारतं का, की याला कथानक कुठंय? नेमाड्यांचं गद्य महानुभावांकडून बरंच काही घेऊन आलंय हे अभ्यासकांनी सांगितलेलंच आहे, मी फक्त एवढंच म्हणतोय की ते घेणं जसं लिहिणाऱ्याच्या रक्तात होतं तसं ते ऐकणं इथल्या वाचणाऱ्याच्या कानात होतं.

माझी मावशी, भुसावळला असते, सातवी शिकलेली, वाचायची दांडगी आवड पण वाचते काय तर दिवाळी अंक आणि भविष्य. तिला मी कोसला दिली ती जवळजवळ पैज म्हणून. पहिली शंभर-दीडशे पानं ती स्वयंपाकघरात बसून खुदुखुदू हसत होती. मी विचारलं की मावशी, मधेच असं कधी काय कधी काय येतं तर गोंधळ नाही होत? तर म्हणे, "गोंधळ कशाचा? आधी हसवतो अन् मंग रडवतो, सोंगाड्याच हाये तो." तेव्हा तिचं रडायचं पान अजून आलेलं नव्हतं, पण तिला बरोबर वास आला होता.

ते पान म्हणजे मनीचं. पांडुरंगाची धाकटी बहीण, देवीच्या रोगानं मरते. कोसलाबद्दल कुणीही बोललं तरी इथं येऊन आवाज खाली जातो, पुण्यातल्यांचाही. पण मावशीनं ते वाचून काय केलं तर चष्मा काढला आणि ब्लाऊजची बाही वर सरकवून मला दंड दाखवला. देवी काढल्याच्या, म्हणजे देवीची लस टोचल्याच्या, दोन गोल खुणा, वाटाण्याएवढ्या, आतली कातडी चुरगळून वाळल्यासारखी आणि कडेला बारीक बारीक रेघा. त्या खुणा मी लहानपणापासून बघत आलोय, आमच्या सगळ्या मावश्या-मामांच्या दंडावर आहेत, पण कधी नीट बघितल्या नव्हत्या. मग तिनं सांगितलं की लस टोचणारे आल्याची दवंडी पिटली की पोरं कशी घराच्या धाब्यावर जाऊन लपायची, आणि तिची एक चुलत बहीण होती तिला माता आल्या, म्हणजे देवीच, तेव्हा दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले होते आणि घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. नाव नाही घेतलं तिनं त्या बहिणीचं. देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ ला सुरू झाला, म्हणजे पुस्तकाच्या आदल्या वर्षी, आणि देशातली शेवटची केस १९७५ ची. म्हणजे कोसला जेव्हा पहिल्यांदा लोकांच्या हातात पडली तेव्हा मनीचं मरण हे 'मृत्यूचं भान' वगैरे काही नव्हतं, ते शेजारच्या गल्लीत होतं. आज वर्गात शिकवताना पोरांना आधी देवी म्हणजे काय हे सांगावं लागतं आणि तिथंच निम्मं पान थंड होतं.

मावशीनं पुस्तक तिथं बंद केलं ते कायमचं. पुढं काय झालं ते तिला नको होतं. मी म्हटलं अगं अजून बरंच आहे, तो गावी येतो. तर म्हणे येऊ दे. आणि मग थोड्या वेळानं भाकऱ्या थापता थापता म्हणाली की आपल्याकडे बायका मेल्याघरी हेल काढून, नाव घेऊन, एकेक आठवण सांगत रडतात तसं लिहिलंय त्यानं, पुरुष माणसाला तसं रडता येत नाही म्हणून कागदावर रडला. मी एमएला मनीच्या प्रकरणावर जे तीन पानी उत्तर लिहिलं होतं त्यात 'शोकगीतात्म गद्य' असा शब्द वापरला होता. तोच मुद्दा, पण तिचा जास्त नेमका.

म्हातारी माणसं वेगळंच वाचतात. २०१५ च्या फेब्रुवारीत ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा गावोगाव पेपरात फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचे मेसेज, आणि ज्यांनी जन्मात कादंबरी हातात घेतली नाही अशा लोकांनी 'आपल्या माणसाचं' पुस्तक म्हणून कोसला मिळवली. आमच्या पारावरची मंडळी तर ती पोलीस चौकशीसारखी वाचत होती. हा कोण, तो कोण, हा म्हणजे अमक्याचा पोऱ्या तर नव्हे, ही जमीन म्हणजे ती नाल्याकाठची. एक आजोबा तर ठामपणे सांगायचे की यातला एक माणूस म्हणजे त्यांचा साडू, आणि साडूचं गाव बघितलं तर साठ किलोमीटर लांब, पार जामनेरकडं. कादंबरी म्हणजे कल्पित असतं हे त्यांना कळत नव्हतं अशातला भाग नाही, चांगलं कळत होतं. पण लिहिणारा शेजारचा असेल तर तपासून घ्यायचा आपला हक्क आहे असा त्यांचा एकूण रागरंग होता, आणि मला वाटतं तो हक्क आहेच.

आमचे एक सर आहेत, आता रिटायर झालेत, जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलं. त्यांच्याकडे कोसलाचा विषय काढला की ते आधी वैतागतात. का, तर दर बॅचला दोन-चार पोरं ही कादंबरी वाचून यायची आणि मग परीक्षेत, अगदी ज्ञानेश्वरीवरच्या प्रश्नालासुद्धा, पांडुरंगाच्या आवाजात उत्तरं लिहायची, तिरकस, सगळं उडवून लावणारी. सर मार्क कापायचे. "एकानं केलं तर स्टाईल, चाळीस जणांनी केलं तर रोग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण तेच सर एकदा, घरी भरीत-पुरीचा बेत होता आणि मूड चांगला होता, तर म्हणाले की बाबा रे, आपल्या जिल्ह्यातून अकरा वर्षांच्या अंतरानं दोन पहिली पुस्तकं आली. १९५२ ला बहिणाबाईंची गाणी आणि १९६३ ला कोसला. एक असोद्याची लेक, अक्षरओळख नाही, पुस्तक आलं तेव्हा बाई हयात नाही, १९५१ लाच गेलेली. दुसरा सांगवीचा, पुण्यात इंग्रजी साहित्यात मुरलेला. दोघांनीही पुण्या-मुंबईच्या वाचकाला दचकवलं. पण बहिणाबाईंना लोकांनी लगेच डोक्यावर घेतलं, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, वही दाखवल्यावर अत्रे तर वेडेच झाले, आणि नेमाड्यांशी लोक आजपर्यंत भांडतायत. असं का? सरांचं म्हणणं की बहिणाबाईंचं वेगळेपण शहरातल्या माणसाला सुखावणारं होतं, खेड्यातली अडाणी बाई किती शहाणी, आणि कोसलातलं वेगळेपण त्याच शहरातल्या माणसाला आरसा दाखवून वर जीभ काढणारं होतं. मला हे अर्धंच पटतं. बहिणाबाईंनीही जीभ काढलेली आहे, फक्त ती चाल लावून काढल्यामुळे लक्षात येत नाही. पण सरांशी भरीत खाताना वाद घालू नये, ते वाढायचं थांबवतात.

आता मामा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रावेर तालुक्यात केळी. बीकॉम झालेला, नोकरी न करता शेतीत परत आलेला, स्वभावानं कडक पण बोलायला बसला की ऐकत राहावं असा. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक बुटकी पेन्सिल असते, काट्यावर घडांची वजनं मांडायला, बॉलपेन घामानं फुटतं म्हणून. त्याला मी कोसलाची माझी कॉपी दिली एका उन्हाळ्यात, म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर आणि दुपारभर कूलरपुढं पडून राहण्याशिवाय उद्योग नाही अशा दिवसांत. त्यानं ती शांतपणे वाचली, काहीच बोलला नाही आणि परत केली. मी घरी येऊन उघडली तर समासांत पेन्सिल.

पांडुरंग जिथं जिथं पैसे खर्च करतो तिथं तिथं फुली. घरून पैसे आले की बरोबरची खूण. मेसच्या प्रकरणात तर फुल्यांची रांगच, आणि पानाच्या खाली दोनदा गिरवलेलं प्रश्नचिन्ह. मित्रांना चहा पाजला, फुली. शेवटच्या कोऱ्या पानावर उभी मांडणी करून बेरीज करायला घेतलेली आणि मधेच सोडून दिलेली. मधे मधे एखादा शब्द. पांडुरंग बापाबद्दल वाईटसाईट बोलतो अशा एका ठिकाणी लिहिलंय, "बापाचं वय किती?" आणि तो पुणं सोडून गावी येतो तिथं नुसतं, "आता आला."

मी फोन केला. तर मामा म्हणे, "पुस्तक चांगलं हाये, हसलो मी लय. पण मले एक सांग, त्या पोऱ्याच्या बापाचं काय चुकलं? जमीन सांभाळली, पोऱ्याले शिकाले धाडलं, मागितले तितले पैसे धाडले. अन् हा तठी बसून म्हनतो, बाप वाईट. काबरं?" मी पुस्तकी उत्तर द्यायला गेलो, की बाप म्हणजे तिथं एक सत्ता आहे, व्यवहार आहे, पांडुरंगाला तो व्यवहारच नकोय. मामा म्हणाला, "नको तर खाऊ नको ना त्याच्यातलं."

खरं सांगायचं तर या पुस्तकावरचा हा सगळ्यात कठीण आक्षेप आहे आणि मी तो कुठल्याही समीक्षेत इतक्या सरळ वाचलेला नाही. पुण्यात बसून वाचलं की बाप हा अडथळा वाटतो. केळीच्या बागेत बसून वाचलं की तो उत्पन्नाचा एकमेव मार्ग वाटतो. मेच्या वादळात एका रात्रीत बाग आडवी होते, पंचनामा कधी होईल सांगता येत नाही, व्यापारी गाडी भरताना भाव पाडतो, आणि त्यातून पुण्याला पैसे जातात, हे ज्यानं केलंय तो त्या कादंबरीत दुसऱ्या कुणाच्या बाजूनं उभा राहणार? आणि मामाला हे बोचायचं कारण मला ठाऊक होतं. त्याचा मुलगा, माझा मामेभाऊ, तेव्हा पुण्यातच होता. इंजिनिअरिंग झालं, मग स्पर्धा परीक्षा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, दिवसभर अभ्यासिकेत, आणि महिन्याच्या पाच तारखेला गावाहून फोनपे.

मी आगाऊपणा केला, तीच कॉपी मामेभावाला दिली. त्याला सांगितलं नाही की कुणाच्या खुणा आहेत. सांगायची गरजही नव्हती, बापाचं अक्षर पोराला ओळखू येतंच. त्यानं ती मेसच्या रांगेत, अभ्यासिकेच्या जिन्यात वगैरे वाचली. त्याला प्रकारांची सरमिसळ बिलकुल जाणवली नाही, म्हणे, "दादा, मोबाईलवर रील बघतो तसंच आहे की, एक जोक, मग कुणाचा तरी बाप वारलेला, मग जाहिरात, मग परत जोक, आपलं डोकं आता असंच चालतं." डायरीचा भाग त्याला सगळ्यात जास्त आवडला, कारण काही घडत नाही ते कसं लिहायचं हे त्यात आहे असं तो म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यात काही घडत नव्हतं. पण खरी गंमत म्हणजे त्यानं समासात उत्तरं लिहिली. निळ्या बॉलपेननं. मेसच्या फुल्यांच्या रांगेखाली, "यात त्याला स्वतःला काय मिळालं, पप्पा?" 'बापाचं वय किती' च्या खाली, "कधी सांगितलं का बापानं?" आणि 'आता आला' च्या खाली, "मग कुठं जाणार."

दिवाळीला तो गावी आला तेव्हा पुस्तक त्याच्या बॅगेत होतं आणि मामाच्या हाती लागलं. मामानं परत सगळं नाही वाचलं, फक्त निळं निळं वाचलं. यावर बापलेकांत काही मोठं बोलणं झालं असेल अशी कुणाची कल्पना असेल तर तसं काही झालं नाही. मला फोन आला, "तुह्या पुस्तकात पोऱ्यानं शाई लावली," एवढंच, आणि पाठीमागून मामीचा आवाज, की फराळाला या म्हणावं. पाच तारखेचे पैसे पाच तारखेला जात राहिले. पण पुढच्या खेपेला मी गेलो तर मामा मला बागेत फिरवताना अचानक सांगायला लागला की त्याला स्वतःला बीकॉमनंतर मुंबईला जायचं होतं, एका मित्रानं नोकरीचं बघून ठेवलं होतं, आणि आजोबांनी नुसतं, पिलबागेला, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेल्या केळीला, पाणी कोण देईल, एवढंच विचारलं होतं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. आईलाही माहीत नव्हतं.

हे सगळं कौतुकानं मी घरात सांगत होतो तर वहिनीनं मधेच तोडलं. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, धरणगावकडची, तिनं कोसला डीएडला असताना वाचली होती. म्हणाली की भावजी, तुमचं बापलेकांचं छान चाललंय, पण यात मी कुठं बसून वाचू ते सांगा. मनी म्हणून वाचायचं तर मरावं लागतं, आई म्हणून वाचायचं तर गप्प बसावं लागतं. "मी पुण्याला जाऊन बापाचे पैसे उडवून, नापास होऊन परत आले असते, तर मला पारावर बसून विचार करत बसू दिलं असतं का? महिन्यात लग्न लावलं असतं." निवांत नापास व्हायलासुद्धा घरात पोरगा म्हणून जन्माला यावं लागतं, असं तिचं म्हणणं. दादा म्हणाला की १९६३ सालचं पुस्तक आहे, तेव्हा तसंच होतं. ती म्हणाली मग तसंच वाचायचं, कौतुक कशाला. मला या दोघांच्या मधे पडायचं नव्हतं, पण तिचा मुद्दा मी मामाच्या फुल्यांच्या शेजारी ठेवतो, तेवढाच टोकदार आहे. पांडुरंगाला जगण्यातलं सगळं पोकळ वाटतं, पण सकाळी चहा कोण करतंय याचं त्याला काही पडलेलं नाही.

मग मामानं एकदा विचारलं की या माणसानं पुढं बापाला काही न्याय दिला की नाही. मी म्हटलं पुढं बारा वर्षं कादंबरीच नाही, मग १९७५ ला बिढार आली, त्याच्यापाठोपाठ अजून, त्यातला नायक वेगळा, चांगदेव पाटील, मास्तरकी करत गावोगाव हिंडणारा. मामाला त्यात रस नव्हता. मग म्हटलं २०१० ला 'हिंदू' आली, मोठी, सहाशेच्या वर पानं, त्यात खंडेराव नावाचा मुलगा उत्खनन करत असतो, पार मोहेंजोदडोला, आणि बाप शेवटच्या घटका मोजतोय म्हणून तो घरी यायला निघतो.

मामा हिशोबाचा पक्का. "त्रेसष्ट ते दोन हजार दहा. सत्तेचाळीस वर्षं लागली त्याले बापाकडे याले?"

मी म्हटलं, मामा, तो वेगळा नायक आहे, पांडुरंग नाही.

"नाव बदललं म्हून काय झालं," मामा म्हणाला. "कांदेबागेच्या केळीची कापणी होऊ दे, मंग आण. अन् या टायमाले आधी पोऱ्याले दे वाचाले, मी मागून वाचतो."